चित्र क्रमांक एकेचाळीस

शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८, सकाळी साडेअकरा. उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. मागणीची रक्कम रुपये अठरा हजार. हजर माणसं चार: कारखान्याचे मालक लछुशेठ, माझा भागीदार काशिनाथ भोईर, उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, त्याची बायको मंजुळा वहिनी, आणि मी.

लछुशेठचा प्लास्टिकचा छोटा कारखाना आहे. पाइपाचे जोड आणि कोपरे तयार होतात. मशीनमध्ये एक जाड लोखंडी नळकांडं असतं, त्याला बॅरल म्हणतात. त्यात प्लास्टिकची भुकटी तापून पातळ होते आणि आतला स्क्रू ती पुढे साच्यात ढकलतो. उष्णता किती ठेवायची ते एक इलेक्ट्रॉनिक कार्ड ठरवतं. ते कार्ड बंद पडलं म्हणून ४ तारखेला काशिनाथने दुरुस्त करून बसवलं. त्याच दुपारी बॅरल नको तितकं तापलं, आतलं प्लास्टिक जळून वायू कोंडला आणि उकळता लगदा तोंडातून बाहेर उडाला. समोर काशिनाथ उभा होता. बॅरल आणि स्क्रू कामातून गेले. त्याच्या हाताचं काय होणार, ते डॉक्टर नीट सांगत नव्हते.

लछुशेठने चहा मागवला आणि म्हणाला, "सानेजी, मैं झगडा नहीं करता. पण तुमचा माणूस थर्मोकपल लावायलाच विसरला. मेरे आदमी ने देखा, वायर बाहर लटकती थी."

थर्मोकपल म्हणजे बॅरलच्या भोकात खुपसायची उष्णता मोजणारी काडी. ती बाहेर राहिली तर कार्डाला वाटतं बॅरल अजून गारच आहे, आणि ते तापवत राहतं. म्हणजे आरोप समजण्यासारखा होता.

"शेठ, मी बसवला व्हता," काशिनाथ म्हणाला. मग हाताकडे बघत राहिला. पुन्हा म्हणाला, "बसवला व्हता बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर निकाल लागला. एकोणीस वर्षं मी या माणसाला ओळखत होतो. तो घरी गेल्यावर दाराची कडी लावली की नाही असा विचार करणाऱ्यातला नव्हता. आता तो स्वतःच्या हातांबद्दल विचारात पडला होता.

मी आकड्यांकडे वळलो. मशीन जुनं घेतलेलं, त्यावर सहा वर्षं चाललेलं, बॅरलचं आयुष्य दहा वर्षं धरतात, म्हणजे भरपाई सात हजार दोनशेच होते, असं कागदावर मांडून दाखवलं. लछुशेठ आधी पंधरावर आला. शेवटी बारा हजारांवर तोड झाली. मी म्हटलं, निम्मे माझे. काशिनाथ म्हणाला, "नाय. चूक माझी हाय, धंद्याची नाय." पोस्टातली शिल्लक मोडून त्याने सोमवारी पूर्ण रक्कम भरली.

जिन्यात मंजुळा वहिनी वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला. "भावजी, तुमी होतात म्हनून सहा हजार वाचले."

त्या वेळी माझ्या मनात एक शंका होती. ती मी आत बोललो नाही, जिन्यातही बोललो नाही.

ज्या मासिकासाठी हे लिहितोय त्याच्या संपादकांनी मला दुरुस्तीच्या धंद्यातली गमतीदार गिऱ्हाइकं लिहायला सांगितली होती. तशी पुष्कळ आहेत. कॅम्प दोनचा एक मसालेवाला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला. काटा मधेच आकडे विसरायचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साईं, सब ठीक करो, पण वीस ग्रॅमचा जो फरक आहे ना, तो तसाच राहू दे. त्याची सवय झाली आहे." मी त्याला ताठ मानेने सांगितलं की खोटा आकडा माझ्या हातून बाहेर जाणार नाही. हा किस्सा मी सहा वर्षं लोकांना ऐकवत होतो. हल्ली ऐकवत नाही.

धंदा काय ते आधी सांगतो. कोणत्याही कार्डावर शेदीडशे बारीक भाग असतात आणि खाली तांब्याच्या रेषा. कोणता भाग कोणाला जोडला आहे आणि तो किती मापाचा आहे हे सांगणारा कागद म्हणजे सर्किटचं चित्र. ते हाताशी असेल तर बिघाड तासाभरात सापडतो. नसेल तर अंदाजाने एकेक भाग बदलत बसायचं. रेझिस्टन्स नावाचा एक भाग असतो, त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्याचं माप कळतं. पण तो जळला की पट्ट्याही जळतात. मग चित्राशिवाय त्याचं माप सांगायला कोणी उरत नाही.

१९७९ साली मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. तिथे प्रत्येक मशीनची चित्रं मुख्य इंजिनियरच्या कपाटात कुलुपात असत. पाहायची तर अर्ज करायचा. मशीन बंद, सुपरवायझर डोक्यावर, आणि अर्जावर सही करणारे साहेब मुंबईला मीटिंगला. म्हणून १९८३ पासून मी स्वतःच चित्रं काढू लागलो. काचेच्या टेबलाखाली बल्ब लावायचा, वर कार्ड, त्यावर ट्रेसिंग पेपर. एका कार्डाला अकरा तासांपासून चार दिवसांपर्यंत वेळ लागे. प्रत्येक चित्राला क्रमांक, तारीख, मशीनचं नाव आणि लागलेले तास. दोन सूच्या केल्या, एक मशीनप्रमाणे आणि दुसरी बिघाडाप्रमाणे. 'काटा हलत नाही: पाहा १७, ४१, ९०.' ही दुसरी सूची मी कुठे पाहिलेली नव्हती. ती माझ्या डोक्यातून आली याचा मला अभिमान होता, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. आजमितीस चित्रं दोनशे बारा आहेत.

या धंद्यात लपवाछपवी फार. उल्हासनगरला कार्ड बनवणारे आयसीवरचा, म्हणजे काळ्या चिपवरचा, नंबर पॉलिश पेपरने घासून टाकतात, म्हणजे दुसऱ्याला नक्कल करता येऊ नये. दुरुस्तीवालेही घासतात, म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्यांच्याकडेच यावं. पंधरा रुपयांच्या भागाचं नाव पुसायला लोक अर्धा तास घालवतात. १९८६ साली मला कॅम्प तीनच्या एका दुकानात माझंच चित्र क्रमांक एकतीस विकायला ठेवलेलं दिसलं. झेरॉक्स, पन्नास रुपये. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं, खाली लागलेले तास सव्वीस. दुकानदाराला म्हटलं, हे माझं आहे. तो म्हणाला, "अच्छा है, साफ लिखते हो."

मी घरी आलो आणि एक उपाय केला. प्रत्येक चित्रात एका ठिकाणी माप खोटं लिहायचं. एकच. फार लांबचं नाही, जवळचंच. ४.७ असेल तिथे ६.८, दहा असेल तिथे पंधरा. माप इतकं सभ्य निवडायचं की पाहणाऱ्याला संशय येऊ नये आणि चोरणाऱ्याचं काम फसावं. आधीच्या चित्रांतही मी असे बदल केले. खरं माप कुठलं, त्याची यादी एका वेगळ्या कागदावर कारखान्यातल्या माझ्या लॉकरमध्ये. १९९१ च्या जानेवारीत कारखान्याला टाळं लागलं, लॉकर सील झाले आणि ती यादी आतच राहिली. चित्रं घरी होती म्हणून वाचली. पुढच्या चित्रांची खरी मापं मी खिशातल्या डायरीत ठेवत गेलो. पहिल्या एकशे अठरांची गेली ती गेली.

काशिनाथ त्याच कारखान्यात वायरमन होता. शिरगावचा. वडिलांची भातशेती, याला शेतात रस नाही, हातात मात्र अशी सफाई की त्याने लावलेला सोल्डरचा डाख आरशासारखा चमकायचा. टाळं लागल्यावर आम्ही दोघांनी अंबरनाथ पश्चिमेला एक गाळा भाड्याने घेतला. आमची पद्धत ठरलेली होती. मी चित्र समोर धरून मापं वाचायचो, तो भाग बसवायचा. वाचताना खोटा आकडा माझा मीच खरा करून वाचायचो. जुन्या चित्रांत तो आठवत नसेल तर चालू कार्डावर मोजून घ्यायचो. त्यामुळे काशिनाथला चित्र वाचायची वेळ सात वर्षांत आली नाही, आणि मला त्याला सांगायची वेळही आली नाही. वेळ आली नाही हे मी लिहितोय खरं. रोज दुपारी आम्ही एका डब्यात जेवत होतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी नाशिकला गेलो. मागे लछुशेठचं मशीन बंद पडलं. हे मशीन आमच्याच बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातलं, म्हणून त्याचं चित्र माझ्याकडे होतं. क्रमांक एकेचाळीस. ६ तारखेला परत आलो, सरकारी दवाखान्यात काशिनाथला पाहिलं आणि तिथून गाळ्यावर गेलो. बाकावर फाईल उघडी होती. चित्र एकेचाळीसमध्ये चौदा नंबरच्या रेझिस्टन्ससमोर पेन्सिलने टिक केलेली होती, म्हणजे जळलेला तो भाग काशिनाथने चित्रावरून बदलला होता. माझ्या अक्षरात तिथे माप होतं ६.८.

मी उभ्यानेच हिशोब केला. पूर्ण चित्र गणितात बसवल्यावर दोन जागा संशयित निघाल्या, चौदा आणि बावीस. बावीस नंबरचं माप खोटं असेल तर काही बिघडत नव्हतं, एक दिवा थोडा मंद लागला असता. चौदाचं खोटं असेल, म्हणजे खरं ४.७ असेल, तर काटा १८० दाखवत असताना बॅरल खरोखर २६० वर असणार. १८० ला ६.८ ने गुणून ४.७ ने भागा, कोणालाही येईल. १८० ला हे प्लास्टिक वितळतं. २६० ला ते जळतं.

मी लछुशेठकडे कार्ड मागायला गेलो, तर त्याने सगळं जुनं पॅनेल काढून भंगारात दिलं होतं आणि नवा डिजिटल कंट्रोलर बसवून घेतला होता. म्हणजे मोजून पाहायला काही उरलं नव्हतं. शंका निम्मी खरी, निम्मी खोटी. या निम्म्या खोटीच्या आधाराने मी १४ तारखेच्या बैठकीत बसलो होतो. आणखी एक आधार होता तोही लिहितो. दुरुस्त करून बसवलेलं कार्ड वेगळा थर्मामीटर लावून तपासायला हवं होतं. लछुशेठने घाई केली आणि काशिनाथने ते केलं नाही. ही त्याची चूकच. तिची मी मनात रोज दोन-चार वेळा उजळणी करत असे.

महिनाअखेर त्याचं बँडेज उतरलं. अंगठा आणि पहिलं बोट वाकत नव्हतं. तो गाळ्यावर आला, डाव्या हाताने सोल्डरिंग आयर्न धरून पाहिलं, एक डाख लावला. तो ओबडधोबड झाला. 

"साने, मी इसरलोच असंल रं," तो म्हणाला. "वायर भायेर व्हती बोलतात तं व्हतीच. माझ्या हातून आसं कसं झालं? आता कुनाच्या मशीनला हात लावायची हिंमत नाय व्हत."

मी म्हटलं, "होतं असं कधीकधी."

हे तीन शब्द मी बोललो आहे.

अंबरनाथ पश्चिमेलाच, आमच्या गाळ्यापासून चार दुकानं सोडून, देशपांडे मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यांच्याकडे इंटरनेट आलं होतं, तासाचे पैसे देऊन वापरता येई. इंटरनेटवर दुरुस्तीवाल्यांचा एक गट आहे असं त्यांच्याकडून कळलं. कोणीही प्रश्न लिहायचा, जगभरातले लोक तो वाचणार, ज्याला येतं तो उत्तर देणार. फी नाही, ओळख नाही. मला ते खरं वाटलं नाही. ज्या धंद्यात लोक आयसीचं नाव घासून पुसतात, त्या धंद्यात हे कोण करेल?

२ डिसेंबरला मी प्रश्न लिहिला. मशीनचं नाव, कार्डाचा नंबर, चौदा आणि बावीस नंबरच्या रेझिस्टन्सचं खरं माप कोणी सांगू शकेल का. पोस्टाच्या तारेसारखा सगळा इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिला. दुसऱ्या दिवशी पहिलं उत्तर आलं, कुठल्याशा देशातल्या माणसाचं: ओरडू नका. मॅडम हसून म्हणाल्या, "साने, मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे तिकडे खेकसणं असतं."

"आमच्याकडे कोणी लक्ष द्यावं म्हणून तसं लिहितात."

"दिलं ना लक्ष!"

मी लहान अक्षरांत पुन्हा लिहिलं, सुरुवातीला माफी मागून. मग एकाने विचारलं की कार्ड कितव्या सालचं. एकाने तसलं मशीन भंगारात टाका असा सल्ला दिला. एकाने आपल्याजवळच्या दुसऱ्याच कार्डाची माहिती पाठवली आणि उपयोग होणार नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मी रोज दुपारी अर्धा तास जाऊन बसत होतो. कोणीतरी उत्तर द्यावं असं वाटत होतं आणि कोणी देऊ नये असंही.

१४ डिसेंबरला, सोमवारी, ऑस्ट्रियातल्या ओटो नावाच्या माणसाचं पत्र आलं. निवृत्त सर्व्हिस इंजिनियर. त्याच्या माळ्यावर मूळ पुस्तिका होती. त्याने संपूर्ण चित्रच पाठवलं होतं. पण छायाचित्र नाही. टाइपरायटरवर नक्षी काढतात तसं, उभ्या-आडव्या रेघा, अधिक चिन्हं आणि अक्षरं एकेक करून टाइप केलेली, चार पत्रांत मिळून. पडद्यावर मात्र सगळा सडा पडला होता. रेघा कुठे, आकडे कुठे, काही लागेना.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "अक्षरांची रुंदी सारखी नाहीये." त्यांनी अक्षराचा प्रकार बदलला, आणि एका क्षणात सगळ्या रेघा सरळ झाल्या. एकेचाळीस नंबरचं कार्ड पडद्यावर उभं राहिलं. मी चार दिवस खपून काढलेलं चित्र एका परक्या म्हाताऱ्याने माझ्यासाठी पुन्हा काढलं होतं. चौदा नंबरसमोर माप होतं ४.७.

मॅडमनी मला पाणी दिलं. 

ओटोने शेवटी लिहिलं होतं: मी हे हाताने उतरवलं आहे, माझी चूक झालेली असू शकते. तुमच्या चित्राशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर कृपया सर्वांना कळवा, म्हणजे दुसऱ्या कोणाचं नुकसान होणार नाही.

एकेका बोटाने टाइप करून मी उत्तर दिलं. तुमचं बरोबर आहे. माझ्या चित्रात चौदा नंबरचं माप चुकीचं आहे. ते चुकून पडलेलं नाही. लोकांनी नक्कल करू नये म्हणून मी ते मुद्दाम लिहिलं होतं. त्यावर विसंबून माझ्या भागीदाराने दुरुस्ती केली आणि त्याचा हात भाजला. सात ओळी लिहायला पाऊण तास लागला. देशपांडे मॅडम शेजारच्या कॉम्प्युटरवर होत्या. त्यांनी वाचलं. वाचणार हे मला माहीत होतं.

"इंग्रजीत बरं जमलं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले, सुटे परत दिले आणि माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाला हाक मारली.

तिथून शिरगाव, म्हणजे बदलापूर पूर्व, एक स्टेशन आणि वीस मिनिटं चालणं. मी हेंद्रेपाड्यात राहतो, म्हणजे रोज बदलापूरलाच उतरतो, फक्त दुसऱ्या बाजूला. पूर्वेला उतरायला मला सहा दिवस लागले. २० डिसेंबरला, रविवारी सकाळी, गेलो. काशिनाथ ओट्यावर बसून डाव्या हाताने वालाच्या शेंगा सोलत होता. वहिनी आत भाकऱ्या भाजत होत्या. मी चपला काढल्या आणि उभ्यानेच सांगितलं. १९८६ पासून सगळं. चित्र, झेरॉक्स, खोटं माप, लॉकर, टिक केलेला आकडा, ओटोचं पत्र. थर्मोकपल तू बसवलाच होतास, असं सांगितलं.

तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "कितव्या चित्रात केलंवतं आसं?"

"सगळ्या."

"सगल्या." त्याने शेंग खाली ठेवली. "कॅम्पवाल्या चोरासाठी केलंस तं केलंस. ते मना समजतं. पन आपला गाला झाला, सात वर्षा झाली, तवा पन सांगितला नाय. म्हंजे मी पन त्यातलाच."

"तसं नव्हतं रे. वेळच आली नाही."

"वेल?" तो हसला. त्याचं तसलं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. "एका डब्यात जेवत व्हतो आपून."

दारात मंजुळा वहिनी उभ्या होत्या, हाताला पीठ. किती वेळ उभ्या होत्या ते माहीत नाही. त्या मला म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी जिन्यात मी तुमच्या पाया पडले. तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"शंका होती."

"तरी पडू दिलंत."

 

मी पैशांचं बोलू लागलो, की ते बारा हजार माझे, आणि हाताच्या औषधाचे, आणि पुढचे. काशिनाथने मला थांबवलं. "पयले लछुशेठकडं चल. तितं बोल. पैशाचा मागून बगू." आणि तो शर्ट बदलायला आत गेला. डाव्या हाताने बटणं लावायला त्याला वेळ लागत होता. वहिनी मदतीला गेल्या नाहीत, त्याला ते आवडत नसे.

रविवारीही लछुशेठ कारखाना चालू ठेवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्येच एक फोन घेतला, आणि मग म्हणाला, "सानेजी, साफ बोलता हूं, बारा हजार वापस नहीं होगा. बॅरल तो गया ना?"

"परत मागायला आलो नाही. थर्मोकपल याने बसवला होता, चूक माझी होती, एवढं सांगायला आलो."

"ठीक है. मशीन चालू आहे. बात खतम."

"खतम नाय," काशिनाथ म्हणाला. "ऑपरेटरला बोलव, शेठ. त्याच्यासमोर बोलू दे. बाजारात त्यानीच सांगितलंय का भोईर काडी लावायला इसरला."

ऑपरेटर आला, हात पुसत. मी त्याच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. तो गोंधळून काशिनाथकडे पाहू लागला. "लेकिन वायर तो मैंने खींची थी," तो म्हणाला. "धुआं निकला, मैं डर गया, जो हाथ में आया सब खींच डाला."

"तू बोला क्यों नहीं?" लछुशेठ ओरडला.

"किसी ने पूछा नहीं, शेठ. आपने पूछा, वायर बाहर थी क्या? मैंने बोला, थी."

काशिनाथने डोळे मिटून घेतले. मग तो उठला आणि बाहेर गेला. मी मागे गेलो तेव्हा तो रस्त्यापलीकडे उभा होता. उजवा हात डाव्याने धरून, ज्या बोटांनी त्याने ती काडी खरोखरच नीट बसवली होती ती बोटं बघत.

गाळ्याची भागीदारी त्याने त्याच आठवड्यात सोडली. आता शिरगावला वायर-बटणांचं छोटं दुकान टाकलं आहे. दुरुस्तीला कोणी काही आणलं तर परत पाठवतो. मी रस्त्यात भेटलो तर मान हलवतो.

चित्रांचं काम मी एकटाच करतो आहे. दोनशे बारांपैकी एकशे त्र्याहत्तर दुरुस्त झाली, नंतरची डायरीवरून, जुनी बरीचशी त्या गटातल्या लोकांच्या मदतीने. जी झाली ती मी तिथेच सगळ्यांसाठी ठेवली. उरलेल्या एकोणचाळीसांवर लाल शाईने लिहिलं आहे, 'यातलं एक माप खोटं आहे. कोणतं ते मला माहीत नाही.' ओटोने माझ्या सात ओळींना दोन ओळींचं उत्तर दिलं. कळवल्याबद्दल आभार, आणि मित्राचा हात आता कसा आहे? मी अजून त्याला लिहिलेलं नाही.

रविवार, १० जानेवारी १९९९, शिरगाव. मी दोन पाकिटं घेऊन गेलो. एकात बारा हजार, दुसऱ्यात हाताच्या उपचाराचे म्हणून आठ. काशिनाथ आतल्या खोलीत होता, खोकल्याचा आवाज आला, बाहेर आला नाही. दुसरं पाकीट मंजुळा वहिनींनी न उघडता माझ्यासमोर परत सरकवलं. पहिल्यातल्या शंभराच्या नोटा काढून ओट्यावर बसून मोजल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. सात वर्षं महिन्याचा हिस्सा मी त्यांच्याकडे देत आलो, त्यांनी कधी मोजला नव्हता. एकशेवीस भरल्या. दिले रुपये बारा हजार, घेतले मंजुळा काशिनाथ भोईर यांनी.